फाशीचा अपवाद नेमका उलट्या जागी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दहशतवाद्यांना फाशी द्यावी की नाही, यावर आपल्या सदरात गेले काही दिवस पत्रे येत आहेत. बहुतेकांचा सूर एकच आहे : बाकीच्या गुन्ह्यांचे काय ते ठरवा, पण दहशतवाद्याला लटकवाच. एका वाचकाने तर 'यात चर्चा कसली?' असे विचारले आहे. चर्चा आहे. माझी सारी नोकरी जिल्हा न्यायालयांत लघुलेखक म्हणून झाली. साक्षी, उलटतपासण्या आणि निकाल टंकण्यात हयात गेली. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, फाशी कुठून काढायचीच असेल तर ती सर्वांत आधी दहशतवादाच्या खटल्यांतून काढावी. हे उफराटे वाटेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळी पत्रे शेवटी कसाबपाशी येऊन थांबतात. तिथूनच सुरुवात करतो. सीएसटीवर बंदूक घेऊन फिरणारा कसाब छायाचित्रात सापडला. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी अंगावर गोळ्या झेलल्या म्हणून तो जिवंत हाती लागला. विशेष न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, राष्ट्रपती, असे सगळे टप्पे होऊन २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फाशी झाली. त्याच्या जाण्याचे मला सुतक नाही. (त्याच्या बिर्याणीचा हिशोब लोक अजून मांडतात. ती गोष्ट आपणच रचली होती, असे सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ मध्ये जाहीरपणे सांगितले. तरी बिर्याणी काही शिळी होत नाही.)

पण कसाबसारखा खटला शंभरात एखादा. एरवी काय होते? पिशवी ठेवणारा पिशवी ठेवून निघून जातो. स्फोट होतो, माणसे मरतात, सरकार हादरते, चॅनेलवाले 'आरोपी कधी पकडणार?' म्हणून रोज विचारतात. काही आठवड्यांनी माणसे पकडली जातात. छायाचित्र नसते, रंगेहाथ पकडलेले नसते. मग खटला कशावर उभा राहतो? पंचनाम्यावर आणि कबुलीजबाबावर.

ही दोन कागदपत्रे मी आयुष्यभर हाताळली आहेत. 'समक्ष विचारल्यावरून सांगतो की' या शब्दांनी सुरू होणारे जबाब कितीतरी वाचले. चार वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या दिवशी दिलेल्या जबाबांत एकच वाक्य, एकाच जागी, एकाच चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासह आलेले पाहिले आहे. पंचांचे तेच. एकच पंच तीन खटल्यांत 'सहज रस्त्याने जात असताना' पोलिसांना भेटलेला असतो. साध्या चोरीच्या खटल्यात वकील हे दाखवतात, न्यायाधीश मान हलवतात आणि आरोपी सुटतो. कारण साधा कायदा सांगतो की पोलिसापुढे दिलेली कबुली पुरावा नव्हे. १८७२ च्या पुरावा कायद्यात इंग्रजांनी हा नियम घातला, तोही आपले पोलीस त्यांना चांगले ठाऊक होते म्हणूनच.

टाडा, पोटा हे दहशतवादविरोधी जुने कायदे आणि संघटित गुन्हेगारीविरुद्धचा आपल्या राज्याचा १९९९ चा मोक्का यांनी नेमका हाच नियम सैल केला. पोलीस अधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली मोक्कात पुरावा म्हणून चालते. म्हणजे पाकीटमाराला जे संरक्षण आहे, ते ज्याला फाशी होऊ शकते त्याला नाही. शिक्षा जितकी मोठी तितकी चाळणी बारीक हवी. इथे चाळणीच काढून ठेवली आहे.

याचा परिणाम काय झाला तो अलीकडेच सगळ्यांनी पाहिला. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये पहिल्या वर्गाच्या डब्यांत सात स्फोट झाले. पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराच्या बारा जणांना निर्दोष सोडले. निकालातली कारणे वाचताना मला माझ्या जुन्या फायली आठवल्या. कबुलीजबाबांतला मजकूर एकमेकांशी जुळणारा आणि छळाच्या तक्रारींनी डागाळलेला. टॅक्सीवाल्यांनी आरोपींना ओळखले ते शंभराहून जास्त दिवसांनी. ओळख परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच उरला नव्हता. बॉम्ब कोणत्या प्रकारचा होता, हेसुद्धा सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही.

राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आहे. या निकालाचा दाखला दुसऱ्या खटल्यांत देऊ नये, असे त्या न्यायालयाने म्हटले आहे. सुटलेल्यांना मात्र परत आत जायला सांगितलेले नाही. अंतिम निकाल लागेल तेव्हा लागेल. पण फाशी सुनावलेल्या त्या पाचांपैकी एक जण २०२१ मध्ये नागपूरच्या तुरुंगात कोविडने मरण पावला. उच्च न्यायालयाने त्यालाही निर्दोष ठरवले, मेल्यानंतर चार वर्षांनी. 'निकालानंतर महिन्याभरात फाशी द्या' अशी मागणी करणाऱ्या वाचकांनी त्या पाचही जणांना २०१५ च्या दिवाळीआधीच संपवले असते.

हे मुंबईचे झाले. आपल्या पुण्यात कोरेगाव पार्कच्या जर्मन बेकरीत १३ फेब्रुवारी २०१० ला स्फोट झाला, १७ जण गेले. २०१३ मध्ये इथल्या सत्र न्यायालयाने एका आरोपीला फाशी सुनावली. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला कटाच्या आणि खुनाच्या आरोपांतून मुक्त केले. स्फोटके बाळगल्याबद्दलची जन्मठेप तेवढी कायम ठेवली. फाशी सुनावली त्या दिवशी फटाके वाजल्याचे आठवते. २०१६ चा निकाल आसपास कितींना माहीत आहे, ते विचारून पाहावे. गांधीनगरच्या अक्षरधाम हल्ल्यात तर तिघांची फाशी उच्च न्यायालयानेही कायम केली होती. १६ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने सहाही आरोपींना निर्दोष सोडले आणि तपासावर कडक ताशेरे ओढले. तो लोकसभेच्या निकालाचा दिवस होता, त्यामुळे बातमी कुठल्या कुठे गेली.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला कंदाहारचा : जिवंत ठेवला तर विमान पळवून सोडवतील. मसूद अझहरला १९९९ मध्ये सोडावे लागले, ही जखम मोठी आहे. पण तो पाच वर्षांहून अधिक काळ आपल्या कोठडीत होता आणि त्याला फाशीची शिक्षा कुणी सुनावलेलीच नव्हती. फाशीच्या तरतुदीने तिथे काय साधले असते?

आणि फाशीची शिक्षा झालेला कैदीही ओलिसांचे निमित्त होतोच. म्हात्रे पुलावरून रोज जाणाऱ्यांना हे सांगायला हवे. रवींद्र म्हात्रे बर्मिंगहॅममधले आपले राजनैतिक अधिकारी. फेब्रुवारी १९८४ मध्ये त्यांचे अपहरण झाले. तिहारमध्ये फाशीच्या छायेत असलेल्या काश्मिरी फुटीरतावादी मकबूल भटची सुटका ही एक मागणी होती. म्हात्रे यांचा खून झाला आणि वर्षानुवर्षे रेंगाळलेली भटची फाशी ११ फेब्रुवारीला उरकण्यात आली. त्याने काश्मीर शांत झाले का? भटला फाशी सुनावणारे न्यायाधीश नीलकंठ गंजू यांना १९८९ मध्ये श्रीनगरात भररस्त्यात मारले, आणि त्यानंतरचे सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसरा आक्षेप जरब बसण्याचा. निवृत्त लष्करप्रमुख अरुणकुमार वैद्य यांना १० ऑगस्ट १९८६ रोजी पुण्याच्या कॅम्पात गोळ्या घातल्या. खलिस्तानवादी मारेकऱ्यांनी न्यायालयात गुन्हा मिरवला. ९ ऑक्टोबर १९९२ ला येरवड्यात दोघांना फाशी झाली. पंजाबात आजही त्यांच्या स्मरणाचे कार्यक्रम होतात. तीन वर्षांनी मुख्यमंत्री बेअंतसिंग यांना अंगावर स्फोटके बांधलेल्या माणसाने मारले. जो मरायच्या तयारीनेच घरून निघतो, त्याला आपण मरणाची काय भीती घालणार? उलट, जिवंत माणूस कधी तरी बोलतो. २६/११ ची रेकी करणारा हेडली अमेरिकेत फाशी टाळण्याच्या बोलीवर बोलता झाला, आणि २०१६ मध्ये त्याने मुंबईच्या न्यायालयापुढे दृक्‌श्राव्य माध्यमातून साक्ष दिली.

आणखी एक विसंगती. १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यात २०१७ मध्ये दोघांना फाशी सुनावली गेली, पण अबू सालेमला जन्मठेप. का? तर पोर्तुगालने त्याला सोपवताना 'फाशी देणार नाही' असे आपल्याकडून लिहून घेतले होते, आणि २५ वर्षांहून जास्त तुरुंगवास न देण्याचा शब्द केंद्राने पाळावा असे सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये सांगितले. म्हणजे लिस्बनला पळण्याइतका पैसा असेल तर गळा वाचतो. गुन्हा तोच, कट तोच.

विधी आयोगाने २०१५ मध्ये आपल्या २६२ व्या अहवालात फाशी रद्द करण्याची शिफारस केली, पण दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे वगळून. गंमत म्हणजे दहशतवादाला वेगळी वागणूक द्यायला शिक्षाशास्त्रात सयुक्तिक कारण नाही, हे आयोगानेच त्यात नोंदवले आहे. तरी देशाच्या सुरक्षेची चिंता व्यक्त होते म्हणून तो अपवाद ठेवला. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ११३ मध्ये तोच अपवाद ठाण मांडून बसला आहे. दबाव सर्वांत जास्त, पुराव्याचे नियम सर्वांत सैल आणि चुकीच्या माणसाला धरण्याची शक्यता सर्वांत मोठी, अशा ठिकाणीच आपण न फिरवता येणारी शिक्षा राखून ठेवली आहे.

मरेपर्यंत जन्मठेप, कसलीही सूट नाही, अशी शिक्षा देण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २००८ पासून मोकळा केलेला आहे. ती द्यावी. ज्यांचे माणूस गेले त्यांना हे अपुरे वाटेल, आणि त्यांच्याशी वाद घालण्याचा मला अधिकार नाही. पण लोकल स्फोटांतल्या कुटुंबांच्या पदरात १९ वर्षांनी काय पडले ते पाहा. गुन्हा उलगडल्याचा खोटा देखावा उभा केला की खरा धोका बाहेर मोकळाच राहतो, अशा अर्थाचे उच्च न्यायालयाने निकालात लिहिले आहे. सरकारने त्या निकालाविरुद्ध अपील करायला तीन दिवससुद्धा लावले नाहीत. त्या सात डब्यांत पिशव्या दुसऱ्याच कुणी ठेवल्या असतील का, याचा नव्याने तपास सुरू केल्याची बातमी मात्र माझ्या वाचनात अजून आलेली नाही.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन लघुलेखक
एरंडवणे, पुणे