'सर्व्हर डाऊन'मागची भरलेली डिस्क

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

प्रवेशाच्या किंवा निकालाच्या दिवसांत 'सर्व्हर डाऊन' झाल्याच्या बातम्या हमखास येतात आणि त्याचे खापर बहुधा गर्दीवर फोडले जाते. अनेक वर्षे लिनक्स सर्व्हर सांभाळल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, पुष्कळदा खरा दोष साठवणुकीच्या जागेची विभागणी करताना केलेल्या आळसाचा असतो.

मी पूर्वी ज्या संस्थेत होतो, तेथे डेटाबेस, लॉग (सेवांच्या कामकाजाच्या नोंदी) आणि कर्मचाऱ्यांच्या फायली असे सारे एकाच व्हॉल्यूमवर, म्हणजे साठवणुकीच्या एकाच भागावर, होते. एका रात्री लॉगची फाइल फुगत गेली, सकाळी डेटाबेसला लिहायला जागा उरली नाही आणि खिडकीपुढची रांग जिन्यापर्यंत गेली. घाईघाईने कोणीतरी ती फाइल पुसली. तरीही डिस्क किती भरली ते सांगणारे 'डीएफ' शंभर टक्केच दाखवत होते आणि फायलींचे आकार मोजणाऱ्या 'डीयू'च्या बेरजेत ती जागा कुठेच सापडत नव्हती. युनिक्समध्ये आणि त्याच धर्तीच्या लिनक्समध्ये फाइल पुसली की तिचे नाव तेवढे जाते. एखाद्या प्रोसेसने (चालू प्रोग्रामने) ती उघडून धरली असेल, तर ती प्रोसेस सोडेपर्यंत जागा मोकळी होत नाही. लॉग लिहिणारी सेवा पुन्हा सुरू करताच प्रश्न मिटला, पण तोवर नव्या डिस्कची कोटेशने मागवून झाली होती! पुढे एकदा निम्मी जागा मोकळी असतानाही लिहिणे थांबले, कारण लाखो चिमुकल्या सेशन फायलींनी आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या, मर्यादित संख्येच्या नोंदी) संपवले होते आणि 'डीएफ'ला 'आय' जोडून पाहण्याचे कोणालाच सुचले नव्हते.

वास्तविक एलव्हीएम, म्हणजे डिस्कची जागा एका ग्रुपमध्ये एकत्र करून हवी तशी व्हॉल्यूममध्ये वाटण्याची सोय, 1998 पासून लिनक्सवर आहे. 'व्हार' (लॉग वगैरेंची जागा) आणि 'होम' (कर्मचाऱ्यांच्या फायलींची जागा) वेगळ्या व्हॉल्यूमवर ठेवून ग्रुपमधील काही जागा मुद्दाम न वाटता राखली, तर गरज पडेल तेव्हा सेवा बंद न करता हवे ते व्हॉल्यूम वाढवता येते. मात्र एक्सएफएस ही फाइल सिस्टिम वाढवता येते तितक्या सहजपणे लहान करता येत नाही, म्हणून सुरुवातीलाच सगळी जागा वाटून टाकणे महागात पडते. 'होम'वर कोटा, म्हणजे प्रत्येकाच्या जागेवर मर्यादा, लावण्याची सोय तर 1983 च्या 4.2 बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीपासून आहे. अडचण एवढीच की, साहेबांच्या फोटोंना कोटा लावायचा कोणी?

आपल्या प्रतिनिधींनी पुढील वेळी 'गर्दीमुळे' हे उत्तर लिहून घेण्यापूर्वी कोणते व्हॉल्यूम भरले होते आणि त्याची पूर्वसूचना देणारी व्यवस्था होती का, एवढे विचारावे, ही विनंती.

आपला,
एक सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर, पुणे