साडेसहा फुटांचा हौदा

डिअरबॉर्न, मिशिगन
१२ ऑक्टोबर

प्रिय दत्ता,

मागच्या फोनला तू विचारलंस, "गाडी कुठवर आली?" इंजिन झालं, केबिन रंगून झाली. अडलंय ते हौद्यापाशी. ते फोनवर सांगून संपणार नाही, म्हणून आज निवांत लिहायला बसलोय.

माझी शेवरोले ३१०० ही १९५३ची, अर्धा टन मालाची पिकअप. मागचा माल ठेवायचा हौदा साडेसहा फुटी. तळाला लाकडी फळ्या, त्यांच्या सांध्यांवर लोखंडी पट्ट्या. बाजूचे पत्रे, पुढचा पत्रा, मागचा फाळका, सगळं बोल्टांनी कसलेलं. इथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. ते खारं पाणी फळी आणि पत्र्याच्या फटीत मुरतं नि पत्रा आतून खातं. वरून रंग शाबूत, पण पेचकसाचं टोक टेकवलं की आरपार. डाव्या बाजूची खालची कड तर बिस्किटासारखी हातात मोडून आली. फार वाईट वाटलं रे.

मग शोध सुरू. ओहायोत एका शेतावर, कोठारामागे जुना हौदा पडलाय असं कळलं. तीन तास गाडी हाकत गेलो. पत्रा काय सुंदर होता! गंज नावालाच. टेप लावली तर सव्वासात फूट. तो निघाला ३६००चा, पाऊण टनी गाडीचा. कापून लहान करता आला असता, पण मग खुंट उभे करायच्या खाचांचं अंतर बिघडतं, आणि ते मला रोज खुपलं असतं. तसाच परत आलो.

दुसऱ्यांदा फसलो ते घरबसल्या. एका विक्रेत्याने "१९४७ ते ५४, सगळ्यांना बसतात" असं सांगून पत्रे पाठवले. खोकं उघडताच कळलं. ५३पर्यंतच्या हौद्याची वरची कड उतरती. ५४ साली कंपनीने ती सपाट केली. त्याच वर्षी पुढच्या काचेतली मधली पट्टी जाऊन काच अखंड झाली. फळ्यांचंही तसंच, १९५१च्या मध्यापर्यंत नऊ, पुढे आठ. विक्रेत्याने हात वर केले, परत पाठवायचं भाडं माझ्या माथी बसलं. आता मी नुसत्या सालावर विश्वास ठेवत नाही. कडेचा जवळून फोटो आणि टेप लावलेला फोटो, दोन्ही आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

शेवटी बाजूचे दोन आणि पुढचा, असे तिन्ही पत्रे नव्याने घडवलेले मागवले. काल बसवून पाहिले. बोल्टांची भोकं जुळली.

फाळका मात्र मी बदलणार नाही. नवा सहज मिळतो, 'शेवरोले'ची उठावाची अक्षरंही असतात त्यावर. पण माझ्या फाळक्याला दोन्ही टोकांशी साखळी घासून घासून अर्धगोल चरे पडलेत, बोट फिरवलं की लागतात. सत्तर वर्षं कुणीतरी तो रोज उघडला-मिटला असेल. ते मला भंगारात घालवत नाही.

अडचण एवढीच की 'ओ' अक्षराच्या खाली तळहाताएवढा पत्रा सडलाय. तेवढाच कापून ठिगळ लावायचंय, पण वेल्डिंगच्या उष्णतेने अक्षर ओढलं जाईल अशी धास्ती वाटते. उद्यमनगरात आबा थोडे थोडे टाके मारून, मधे ओलं फडकं दाबायचे, ते मला आठवतं. टाक्यांत अंतर किती ठेवायचे, आणि फडकं लगेच की थोडं थांबून? त्यांना शांतपणे विचार आणि कळव. तोवर फाळक्याला हात लावत नाही.

आबांना आणि काकूंना नमस्कार.

तुझाच,
बाळ्या