गुरुवारी साडेनऊ ते दहा

प्रिय बाई,

तीन आठवडे झाले तुझा मेसेज येऊन आणि मी आत्ता लिहितेय, तेही पत्र, कारण फोनवर हे मला धड बोलता येणार नाही. तू विचारलं होतंस, "थोडं बोलायचंय, कधी वेळ आहे?" आणि मी कळवलं, "गुरुवारी रात्री साडेनऊ ते दहा चालेल का?" तू नुसता अंगठा पाठवलास. गुरुवारी तुझा फोन आला नाही. इथपर्यंत तुला माहितीच आहे. पुढचं माहीत नाही ते सांगते. दहाला दहा कमी असताना मला बरं वाटलं. वेळ सुटला म्हणून बरं वाटलं गं, आणि त्यात मी ऑफिसच्या सात मेलना उत्तरं देऊन टाकली. दिवा बंद केल्यावर लक्षात आलं आपण काय केलं ते. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

तब्येत बरी आहे, मान अधूनमधून धरते, बाकी काही नाही.

सुरुवात चांगल्या मनानेच झाली होती. सगळंच अंगावर यायला लागलं म्हणून मी ठरवलं की आठवडा नीट आखायचा, त्यात काम, घर, व्यायाम, माणसं, सगळ्यांना न्याय. आधी एक आठवडाभर दर अर्ध्या तासाला काय केलं ते वहीत लिहिलं. आठवड्याचे तास १६८. झोप ५२, ऑफिस ४५, जाणं-येणं १०, घरातलं आणि पोरांचं मिळून २८. झाले १३५. म्हणजे ३३ तास उरतात! मी तीनदा बेरीज केली, ३३च. मग जातात कुठे? वही परत चाळली तर त्यांचा नुसता चुरा झालेला. वीस मिनिटं मशीन संपायची वाट बघण्यात, पस्तीस मिनिटं क्लासबाहेर गाडीत बसून, बारा मिनिटं दोन मीटिंगच्या मध्ये. सलग दीड तास आठवड्यात एकदाच. आणि चुऱ्याचं काही करता येत नाही, कारण एक काम सोडून दुसरं धरलं की डोकं थोडं मागेच रेंगाळतं. सोफी लेरॉय म्हणून एक संशोधिका आहे, तिने २००९ मध्ये हेच दाखवलंय, पहिलं काम अर्धवट असेल तर लक्षाचा एक तुकडा तिथेच राहतो आणि दुसऱ्या कामाला उरलेलं मिळतं. मला तर ते वाचताना कोणीतरी माझ्या घरात उभं राहून लिहिलंय असं वाटलं.

मग मी मोठा कागद घेतला, पेन्सिलीने चौकटी आखल्या, रंग दिले. ऑफिस निळं, व्यायाम हिरवा, पोरं पिवळी, आणि आपली माणसं गुलाबी. तू गुलाबीत होतीस. आता हसू नकोस, तुला गुलाबी आवडत नाही हे मला ठाऊक आहे, हॉस्टेलमध्ये त्या पडद्यांवरून आठ दिवस अबोला धरला होतास.

पहिल्या आठवड्यात सोमवारचं काम मंगळवारी गेलं, मंगळवारचं गुरुवारी. गुरुवारची चौकट मी इतक्यांदा खोडली की तिथे कागदाला भोकच पडलं, आणि त्या भोकातून खालच्या टेबलाचं लाकूड दिसायला लागलं. दोन तासाचं काम साडेतीन तास घेतं, दरवेळी घेतं, तरी पुढच्या रविवारी मी दोनच लिहिते. याला नावसुद्धा आहे, प्लॅनिंग फॅलसी, कानमन आणि त्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या जोडीने १९७९ मध्ये दिलेलं. पुढे १९९४ मध्ये काही संशोधकांनी कॉलेजच्या मुलांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी अंदाज आला ३४ दिवस. लागले ५५च्या वर. अगं, सगळं बिघडलं तर किती लागतील असंही विचारलं होतं, तो अंदाजसुद्धा साधारण ४९च.

इथे मला तू आठवलीस. शेवटच्या परीक्षेच्या आधी आपण दोघींनी टाइमटेबल केलं होतं आणि तू बुधवारची अख्खी दुपार कोरी ठेवलीस. मी केवढी भांडले! म्हटलं अभ्यास पडलाय आणि हिला दुपार मोकळी पाहिजे. तू म्हणालीस, "काहीतरी होणारच ना, त्याला जागा नको?" मी ते आळशीपणा म्हणून मोडीत काढलं आणि मॉनिटरलासुद्धा सांगितलं, याचा तुला राग आला होता. त्याच बुधवारी मला ताप आला आणि दुपारभर तू उशाशी बसलीस. तुझ्याकडे वेळ होता म्हणून बसलीस. हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही, आता आलंय, इतक्या वर्षांनी.

दुसरं म्हणजे घरातलं. ह्यांची सुट्टी शिफ्टप्रमाणे फिरते, त्यामुळे दोघांचे आठवडे कागदावर आपापल्या जागी ठीक आणि भेट मात्र दारात, एक आत येताना एक बाहेर जाताना. सोव्हिएत रशियात १९२९ मध्ये आठवडाच पाच दिवसांचा केला होता, कामगारांचे गट पाडून प्रत्येकाला वेगळा रंग आणि वेगळी सुट्टी, म्हणजे कारखाना एक दिवसही थांबू नये. नवरा एका रंगात, बायको दुसऱ्या. लोक वैतागले, घरी सुट्टीला कोणी नसेल तर ती सुट्टी कसली म्हणाले. १९३१ मध्ये ते बदलून सहा दिवसांचा केला, १९४० मध्ये सात दिवसांवर परत आले. मी माझे रंग बघत बसले. मोकळा तास मिळून उपयोग नाही बाई, तो दुसऱ्याच्या मोकळ्या तासाशी जुळावा लागतो, आणि मी प्रत्येकाला कडेकडेने अर्धा अर्धा तास वाटत सुटले होते.

आता केलंय ते असं. कामाला जेवढा वेळ वाटतो त्याच्या दीडपट लिहिते. शुक्रवारी निघायच्या आधी अर्धवट राहिलेलं सगळं आणि सोमवारी त्याची सुरुवात नेमकी कुठून, ते कागदावर उतरवते, त्याने शनिवार खरंच हलका जातो. एकच दिवस दोघांच्या सुट्टीचा जुळतो, त्याला हात लावायचा नाही. आणि बुधवारी सातनंतर कोरं. पहिल्या बुधवारी मी नुसती अस्वस्थ येरझाऱ्या घालत होते, काहीतरी राहिलंय असं सारखं वाटत होतं. अजून जमत नाहीये, खोटं कशाला सांगू.

काकूंचा गुडघा कसा आहे? धाकटीच्या अॅडमिशनचं झालं का? नवीन बॉस माणूस बरा आहे ना? घराचं काम कुठवर आलं? सगळं कळव.

आणि तुला काय बोलायचं होतं गं? तीन आठवडे तेच डोक्यात आहे. तू सहसा विचारत नाहीस वेळ आहे का म्हणून, सरळ फोन करतेस. विचारलंस म्हणजे काहीतरी जड होतं, आणि मला ते तेव्हाच कळायला हवं होतं. बुधवारची वाट बघू नकोस. हे वाचलंस की लाव फोन, मी मीटिंगमध्ये असले तरी उठून बाहेर येईन.

तुझीच,
खालच्या कॉटवाली

ता.क. भोक पडलेला कागद टाकला नाही. येशील तेव्हा दाखवते.