ब्रिटनच्या गृहमंत्र्यांना खुले पत्र : १०६६ काढायचेच असेल तर नीट काढा

महोदया,

सविनय नमस्कार. गेल्या आठवड्यात आमच्या गावच्या सभागृहात स्थलांतरावर जाहीर चर्चा झाली. रात्रपाळी संपवून, न झोपता मी तिला गेले होते. एका वक्त्याने १०६६च्या नॉर्मन आक्रमणाची आठवण काढली आणि ‘या वेळी ते जहाजांऐवजी विमानांनी आले’ असे म्हणताच टाळ्या पडल्या. मी त्या लढाईच्या हेस्टिंग्जपासून अर्ध्या तासावर राहते आणि येथे येण्यापूर्वी नाशिकच्या शाळेत अकरा वर्षे इतिहास शिकवत होते. तेव्हा थोडी उजळणी करून देणे माझ्या हातचे काम आहे.

नॉर्मंडीचा, म्हणजे आजच्या उत्तर फ्रान्समधला, ड्यूक विल्यम सप्टेंबर १०६६मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पेव्हेन्सीला उतरला तो घोडेस्वार आणि तिरंदाज घेऊन. १४ ऑक्टोबरला इंग्लंडचा राजा हॅरॉल्ड रणात पडला. १०६९-७०च्या हिवाळ्यात विल्यमच्या फौजेने उत्तरेकडची गावे आणि धान्य जाळले. विल्यमनेच करवून घेतलेल्या, जमिनी आणि माणसे मोजणाऱ्या १०८६च्या ‘डूम्सडे’ नोंदवहीत यॉर्कशायरमधल्या कितीतरी गावांपुढे ‘उजाड’ एवढाच शेरा आहे, आणि बड्या जमीनदारांत इंग्रज जवळजवळ उरलेलेच नाहीत. आक्रमण म्हणतात ते याला. माझ्या नावावर या देशात एक सायकल आहे, तीही जुनी.

पण त्या वक्त्याला एकट्याला काय म्हणावे? ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी आपल्याच खुर्चीवर बसलेल्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी, लहान होड्यांतून येणाऱ्या माणसांबद्दल, ‘आक्रमण’ हा शब्द संसदेत उच्चारला होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्या सरकारने केअर वर्करसाठी, म्हणजे वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी, व्हिसाची दारे उघडली होती, कारण इंग्लंडमध्ये या देखभालीच्या क्षेत्रात सुमारे एक लाख पासष्ट हजार जागा रिकाम्या होत्या. म्हणजे बोलावणेही आपले आणि ‘आले, आले’ ही ओरडही आपलीच.

पाच वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येईल, या भरवशावर मी नोकरी सोडली आणि आईचे दागिने मोडून एजंटाला नऊ लाख दिले. आता आमच्यासारख्यांना पंधरा वर्षे थांबवण्याचा प्रस्ताव आपण मांडला आहे, तोही आधी आलेल्यांना लागू करण्याच्या इराद्याने. २०३७ साली मी त्रेपन्न वर्षांची असेन. वडील गेले तेव्हा रजा मिळाली नाही. त्यांचे अंत्यदर्शन मी औषधांच्या खोलीत उभी राहून फोनवर घेतले, आणि दहा मिनिटांनी एका आजोबांना न्याहारी भरवली. हॅरॉल्डच्या आधीचा राजा एडवर्ड याने दिलेले गादीचे वचन मोडले गेले, हेच विल्यमचे म्हणणे होते. तो फौज घेऊन आला. माझ्याजवळ हे एक पत्र आहे.

आणि १०६६ काढायचेच असेल, तर त्यात आमची जागा तरी नीट शोधा. जमीनदाराच्या जमिनीला बांधलेली, त्याच्या मर्जीवाचून हलता न येणारी कुळे त्याच डूम्सडेमध्ये हजारोंनी मोजलेली आहेत. माझा व्हिसा मालकाच्या प्रायोजकत्वाला बांधलेला आहे. त्याने ते काढून घेतले की नवा मालक शोधायला सर्वसाधारणपणे साठ दिवस मिळतात. म्हणूनच आमच्यातली कोणी सलग सहाव्या रात्रपाळीला नाही म्हणत नाही. नॉर्मनांचा वारसा शोधायला आमच्या खोल्या कशाला तपासता? आपला प्रत्येक स्थलांतर कायदा ‘राजाची तशी इच्छा आहे’ या नॉर्मन फ्रेंच वाक्यानेच मंजूर होतो, आणि ज्या पासपोर्टसाठी मी पंधरा वर्षांहून अधिक थांबायचे, त्याच्या मुखपृष्ठावरच्या राजचिन्हातले ब्रीदही फ्रेंचच आहे.

नाशकात २००८ साली उत्तर भारतीय कामगारांना हुसकावले जात होते, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत ‘लोंढे’ हा शब्द मीही वापरला होता. तो आता वरचेवर आठवतो. कोणताही पक्ष असो, कोणताही देश असो, घरे बांधायची आणि पगार वाढवायचे राहून गेले की राज्यकर्त्यांना असा एखादा शब्द सापडतो.

माझी मागणी एकच आहे : २०२२मध्ये बोलावलेल्यांना २०२२चाच नियम लागू राहील, असे लेखी उत्तर द्यावे. इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे टपालाने पाठवली आहे. उत्तर सकाळी नऊनंतर आले तरी चालेल. त्याआधी मी कामावर असते.

आपली,
ससेक्समधील एक केअर वर्कर