ठिपका तिरका गेला तरी फोन करू नका

प्रिय आई, बाबा, आज्जी, दादा, वहिनी,

फोनवर हे नीट सांगताच येत नाही. मी काही बोलायला लागले की आई मधेच विचारते जेवलीस का, बाबा म्हणतात हवा कशी आहे, आणि दादाचं नेटवर्क बरोबर तेव्हाच जातं, म्हणून एकदाच बसून टाइप करून पाठवतेय. वहिनी, आज्जीला तू वाचून दाखव, आणि मधलं काही गाळू नकोस, तिला सगळं कळतं.

तर माझा आठवडा सुरू झालाय. इंग्लिश खाडी, म्हणजे इंग्लंड ते फ्रान्स, पोहायला तारीख मिळत नाही, आठवडा मिळतो. भांगाच्या भरतीचे दिवस, म्हणजे उधाणापेक्षा पाण्याची ओढ जरा कमी असते ते, त्यातला एक आठवडा बोटीच्या पायलटकडे वर्ष-दीड वर्ष आधी बुक करून ठेवायचा आणि त्यातही नंबर असतात, पहिला गेल्याशिवाय दुसरा नाही. माझा दुसरा. पहिला काल रात्री गेला. आता पायलट वारा बघणार आणि फोन करणार, की आम्ही काही तासांत डोव्हरच्या बंदरावर हजर. बॅगा दाराशी ठेवल्यात. झोप येत नाही आणि खोलीत करण्यासारखं दुसरं काही नाही, म्हणून एवढं लांबण.

बाबा, तुम्ही परवा म्हणालात की बोट बरोबर आहे म्हणजे काळजी नाही, दमलीस तर धरायचं. नाही हो बाबा. धरायचं नाही हाच तर नियम आहे. बोटीला हात लागला किंवा बोटीवरच्या कुणी मला हात लावला तर पोहणं तिथंच संपलं, आणि ते बघायला खाडी पोहण्याची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा ऑब्झर्व्हर बोटीवर बसलेला असतो. अंगावर साधा पोहायचा ड्रेस, टोपी, गॉगल, बस. वेटसूट चालत नाही. पाणी 15 ते 18 डिग्री. सरळ रेषेत 33 किलोमीटर, पण सरळ कुणी जातच नाही कारण भरती-ओहोटी दर सहाएक तासांनी दिशा बदलते. वर शेकडो जहाजांचा रोजचा रस्ता मधून जातो, ते सांभाळायचं काम पायलटचं.

आता गंमत बघा, मला हात लावायचा नाही आणि तरी त्या बोटीवरच्या माणसांशिवाय मी तासाभरातच आटपेन. दर अर्ध्या तासाला दोरी बांधलेली बाटली पाण्यात टाकायची, त्यात मॉल्टोडेक्स्ट्रिनची, म्हणजे ताकदीसाठीच्या कार्बोहायड्रेटची, पावडर कोमट पाण्यात कालवलेली असते (चव म्हणाल तर भाताच्या पेजेत साखर, आज्जीला आवडली असती), मी उताणी होऊन ती प्यायची, अर्ध्या मिनिटात बाटली परत. तेवढ्या वेळात क्रूने माझं तोंड बघायचं, ओठ बघायचे, मिनिटाला हात किती पडतात ते मोजून लिहायचं. हे सगळं डुलणाऱ्या बोटीवर, रात्री, तेरा-चौदा तास किंवा जास्त. म्हणून क्रू निवडताना कोण माझ्यावर किती प्रेम करतं हे मी बघितलंच नाही, कुणाला बोट लागत नाही ते बघितलं. माझी फ्लॅटमेट, अकोल्याची, आयुष्यात समुद्र पहिल्यांदा इथं येऊन बघितला पण पोट लोखंडाचं. दुसरा ऑफिसमधला पंजाबी मुलगा, कमी बोलतो, घड्याळ पक्कं. ऑफिसमध्ये 'यू विल रॉक' म्हणणारे पंधरा जण आहेत, चांगली माणसं आहेत, त्यांना मी केक खायला बोलावणार आहे.

हे शहाणपण मला डोव्हरच्या किनाऱ्यावर आलं. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी तिथं बंदराच्या आत खाडीवाले पोहायला जमतात आणि काही लोक, बहुतेक निवृत्त बायका-पुरुष, सगळे फुकट, दिवसभर दगडगोट्यांच्या किनाऱ्यावर उभे राहून आमची नावं लिहून घेतात, हातात ग्लोव्ह घालून मानेला-काखेला व्हॅसलीन फासतात आणि पाण्यात ढकलतात. खाडीत उतरायच्या आधी 16 डिग्रीच्या आतल्या पाण्यात सलग 6 तास पोहून दाखवावं लागतं, ते मी तिथंच केलं. पाचव्या तासानंतर मी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून कप घ्यायला आले तेव्हा माझी बोटं आखडून पंज्यासारखी झालेली, कप धरता येईना, जीभ मिठाने सुजलेली, आणि मी त्या बाईंना सांगायला लागले की आज खांदा जरा, काल झोप पण, वगैरे. बाईंचं वय सत्तरच्या पुढं असेल. त्यांनी दोन्ही हातांनी कप माझ्या तोंडाला लावला, एक जेली बेबी (इथली मऊ गोड गोळी) तोंडात घातली, म्हणाल्या, "हो, गार आहे. तासाभराने भेटू." आणि मागच्या मुलाकडे वळल्या. समजूत नाही, भाषण नाही. मी काय करणार, गेले परत.

बाहेर आल्यावर मात्र त्याच बाई टॉवेल घेऊन धावत आल्या. पाण्यातून निघाल्यावर थोडा वेळ अंग आणखी गार होत जातं, त्या दहा-पंधरा मिनिटांत कोरडे कपडे अंगावर आले नाहीत तर हुडहुडीने माणूस उभा राहत नाही, आणि स्वतःचा पट्टासुद्धा सोडवता येत नाही. त्यांनी मला लहान पोरीसारखं कपडे घातले, टोपी कानावर ओढली, आणि मग म्हणाल्या आता सांग खांद्याचं.

आई, तुला राग येईल पण मला तेव्हा तुझी नाही, बाबांची आठवण आली. सांगलीत मी कृष्णेत पोहायला शिकत होते तेव्हा बाबा घाटावरून माझ्या बरोबरीने चालायचे, हातात टॉवेल आणि माझ्या चपला. बाबांना पोहता येत नाही हे मला बऱ्याच मोठेपणी कळलं. क्लबातले एक सर तेव्हा तुम्हाला म्हणाले होते ना बाबा, की पोरगी जिल्ह्यापर्यंत जाईल, त्यापुढं खर्च करू नका, तुम्ही हो हो म्हणालात आणि दुसऱ्या दिवशी परत चपला घेऊन घाटावर. आणि आता ती एफडी. पायलटच्या पैशाचं आपण बोललो आहोत, परत बोलत नाही, तुम्ही लगेच विषय बदलता.

तुम्ही मला आरती साहाची गोष्ट सांगायचात, आठवतंय? ती इथं आल्यावर मी नीट वाचली. तुम्ही फक्त जिंकल्याचं सांगायचात, 1959, आशियातली पहिली बाई. त्याआधी काय झालं ते जास्त भारी आहे. तिचं नाव सुचवलं ब्रोजेन दासने, जो स्वतः आदल्या वर्षी खाडी पोहून गेला होता, पैशासाठी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री बिधानचंद्र रॉय यांनी मदत केली, म्हणजे पाठीशी लोक होते. तरी ऑगस्टमधल्या पहिल्या प्रयत्नात पायलटची बोटच उशिरा आली, पाण्याची सोयीची वेळ निघून गेली, आणि इंग्लंडचा किनारा जवळ आलेला असताना उलट्या ओढीपुढे तिला सोडावं लागलं. महिन्याभराने, 29 सप्टेंबरला, ती परत उतरली आणि 16 तास 20 मिनिटांत झालं. पोरगी तीच होती ना. म्हणून मी पंजाबी मुलाच्या घड्याळावर एवढी भाळलेय, हसू नका.

आणि एक अमेरिकन मुलगी होती, गर्ट्रूड एडर्ली. 1925 मध्ये 19 वर्षांची. तिच्या कोचने मधेच ठरवलं की ही बुडतेय, आणि दुसऱ्या एका पोहणाऱ्याला सांगून तिला धरलं. हात लागला, संपलं. ती शेवटपर्यंत म्हणत राहिली की मी ठीक होते. पुढच्या वर्षी तिने कोच बदलला, बर्जेस म्हणून, जो 1911 मध्ये स्वतः खाडी पोहला होता, आणि बोटीवर वडील आणि बहीण. वडिलांनी गाडी घेऊन द्यायचं कबूल केलेलं. त्या दिवशी समुद्र खवळला, बोटीवरचे काहीजण म्हणायला लागले बाहेर ये, तर हिने पाण्यातून विचारलं, "कशासाठी?" 6 ऑगस्ट 1926, साडेचौदा तासांच्या आसपास, तोवर फक्त पाच पुरुष पोहून गेले होते आणि हिची वेळ त्या पाचांपेक्षा चांगली.

यावरून मी एक गोष्ट आधीच ठरवून कागदावर लिहून क्रूला दिलीय. थांबवायचा हक्क फक्त पायलटला आणि ऑब्झर्व्हरला, बाकी कुणी 'बाहेर ये' हा शब्द काढायचा नाही. खाली माझी नेहमीची रड लिहिलीय: खांदा दुखतोय, पोटात ढवळतंय, फ्रान्स अजून तेवढाच लांब दिसतोय, पुढच्या वर्षी करू. हे मी बोलले तर ऐकायचं नाही, बाटली टाकायची. पण माझे हात मिनिटाला 62 चे 50 वर आले, किंवा घराचा पत्ता विचारल्यावर मी अडखळले, तर पायलटला लगेच सांगायचं, मग मी कितीही भांडू दे. आई, तेव्हा जीवाचं काही होऊ देणार नाहीत, हे दोघं हजारदा हेच बघत आलेत.

तर आता तुमचं काम. तुम्हालाही क्रूमध्ये धरलंय मी, त्यामुळे हे नीट वाचा.

इथं रात्री 2 ला सुरू झालं तर सांगलीत सकाळचे साडेसहा. म्हणजे तुमचा अख्खा दिवस जाणार आणि रात्रीच्या जेवणापर्यंत चालेल. वहिनीला ट्रॅकरची लिंक पाठवलीय. त्यावर जो ठिपका दिसेल तो बोटीचा, माझा नाही. तो सरळ फ्रान्सकडे जाणार नाही, आधी एका बाजूला वाहत जाईल, मग पाणी फिरलं की उलट बाजूला, इंग्रजी एस अक्षर काढल्यासारखा. फ्रान्सच्या जवळ गेल्यावर बराच वेळ तिथल्या तिथं घोटाळेल, कारण किनाऱ्याजवळची ओढ वाईट असते. दादा, तू इंजिनिअर आहेस म्हणून वेग काढून 'या हिशोबाने 26 तास लागतील' असं बाबांना सांगत बसू नकोस. बोटीवर कुणाला फोन करू नका, मधे रेंज नसतेच.

निरोप द्यायचा असेल तर आत्ताच फ्लॅटमेटला पाठवा, ती पांढऱ्या बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहून बाटलीच्या वेळी मला दाखवणार आहे. चार-पाच शब्दांच्या वर मला वाचता येणार नाही, गॉगलवर मीठ असतं. आई, 'जीवाला जप' लिहू नकोस, रडू आलं की गॉगलात पाणी होतं. तू त्यापेक्षा आज काय भाजी केलीस ते लिही. आज्जी घाटावर मला ज्या दोन शिव्या घालायची त्यातली छोटी तिने घालावी. बाबा, तुम्हाला सुचेल ते.

आणि आत्याला लिंक लगेच देऊ नका. ती लग्नाच्या वयात एवढं वजन का वाढवलं हेच परत विचारेल, तिला सांगा डॉक्टरने नाही, समुद्राने सांगितलं होतं, चरबीशिवाय या पाण्यात टिकणं अवघड.

पायलटचा फोन आला की मी ग्रुपवर नुसतं 'निघाले' लिहीन. त्यावर लगेच सगळ्यांनी व्हिडिओ कॉल लावू नका, माझे दोन्ही हात व्हॅसलीनने बरबटलेले असतील.

तुमची,
धाकटी