‘झोपला की उतरेल’

महोदय,

अमेरिकेत शिकायला निघालेल्या पोरांना आपण कुकर, मसाले, स्वेटर सगळं बांधून देतो. पार्टीबद्दल मात्र ‘पिऊ नकोस’ एवढंच. २०१७ मध्ये पेन स्टेट विद्यापीठातल्या एका फ्रॅटर्निटीत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या निवासी क्लबात, भरपूर दारू पाजलेला नवा सदस्य तळघराच्या जिन्यावरून पडला. इतरांनी त्याला सोफ्यावर टाकलं. मदतीसाठी फोन गेला तो सुमारे १२ तासांनी! पोरगा वाचला नाही. तिथल्या पेन्सिल्व्हेनिया राज्याने पुढच्याच वर्षी रॅगिंगविरोधी कायदा कडक केला, मदत बोलावणाऱ्याला संरक्षणही दिलं. पण कायदा काय, पार्टीत हजर नसतो. यजमानांपैकी दोघा-चौघांनी न पिता लक्ष ठेवावं, बेशुद्धाला कुशीवर वळवून थेट ९११ हा तिथला आपत्कालीन क्रमांक लावावा. आपल्याकडच्या होस्टेलांतही ‘झोपला की उतरेल’ सर्रास चालतं. इथे ११२ आहे.

– एक पालक, नाशिक