वाळवंटात चाकोरी सोडू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वीकएंडला मित्रांबरोबर गाड्या घेऊन वाळवंटात कॅम्पिंगला जाण्याबद्दल आपल्या पुरवणीत अधूनमधून लेख येतात, फोटोही मस्त असतात, पण बहुतेक लेखांचा सूर एकच असतो की चाकोरी सोडली की खरी मजा सुरू. आम्ही पाच मित्रमैत्रिणी दोन फोर बाय फोर घेऊन नुकतेच दोन रात्री असेच जाऊन आलो, आणि तिथे जे बघितलं त्यानंतर या सुराबद्दल लिहिल्याशिवाय राहवेना.

पहिल्याच दुपारी मऊ वाळूत मागची गाडी रुतली. मित्राने सवयीने ॲक्सिलरेटर दाबला आणि चाकं जागच्या जागी फिरून गाडी पार एक्सलपर्यंत खाली बसली. डांबरी रस्त्यासाठी भरलेली ३५ पीएसआय हवा आम्ही तशीच ठेवली होती, तिथेच चुकलो. ती १८ वर आणली, चाकांपुढची वाळू हाताने उपसली, आणि गाडी अलगद बाहेर आली, कारण हवा कमी केली की टायर लांबीला पसरतो आणि वजन जास्त जागेवर वाटलं जातं. (फार कमीही करू नका, वळताना टायर रिमवरून निघतो. आणि परत डांबरी लागायच्या आधी हवा भरायला कंप्रेसर हवाच.) राल्फ बॅगनॉल्ड नावाचा ब्रिटिश लष्करी अधिकारी १९२० च्या दशकात साध्या फोर्ड गाड्या घेऊन, सुट्टी काढून, मित्रांसोबत लिबियन वाळवंटात हिंडायचा, तेव्हापासून टायर नरम ठेवायचे आणि रुतलं की चाकाखाली लोखंडी पट्ट्या सरकवायच्या हे चालत आलंय. गाडी ओढायची वेळ आली नाही हे बरं झालं, कारण आमच्यातला एकजण पट्टा टो बॉलला अडकवायला निघाला होता. टो बॉल ट्रेलरसाठी असतो, झटका देऊन ओढताना तो तुटला तर गोळीसारखा सुटतो, यात माणसं गेलेली आहेत. पट्टा रिकव्हरी पॉइंटलाच, म्हणजे गाडी ओढण्यासाठीच चासीला पक्क्या बसवलेल्या कडीलाच, लावायचा आणि बाकीच्यांनी लांब उभं राहायचं.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या संध्याकाळचं. इतर गाड्यांपासून लांब, शांत जागा हवी म्हणून आम्ही ट्रॅक सोडला आणि एका सपाट, कडक, काळपट खडबडीत जमिनीवरून अर्धा किलोमीटर आत गेलो. गाडी रुतत नव्हती त्यामुळे काही वाटलं नाही. सकाळी तिरपं ऊन पडलं आणि आमच्याच चाकांच्या दोन फिक्या पट्ट्या लांबपर्यंत दिसायला लागल्या, आणि शेजारी तशाच जुन्या पट्ट्या, कोणाच्या कधीच्या कोण जाणे. आमची एक मैत्रीण वनस्पतिशास्त्र शिकवते, ती खाली बसून बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली की ही नुसती माती नाही, ही जिवंत खपली आहे. सायनोबॅक्टेरिया, शेवाळ, दगडफूल असे बारीक जीव मातीच्या कणांना धाग्यांनी बांधून ठेवतात, त्यामुळे वाऱ्याने माती उडत नाही, आणि त्यातले काही हवेतला नायट्रोजन मातीत आणतात ज्यावर तिथली झुडपं जगतात. जाडी काही मिलिमीटर ते फार तर काही सेंटीमीटर. एकदा गाडी गेली की ती मोडते, खालची माती दबते, पाणी मुरत नाही, आणि परत पूर्ववत व्हायला कित्येक वर्षं लागतात, काही ठिकाणी अनेक दशकं. अमेरिकन सैन्याच्या जनरल पॅटनने १९४२ मध्ये अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात सैन्याच्या सरावासाठी तळ उभारला, १९४४ मध्ये तो बंद झाला, पण तिथल्या रणगाड्यांच्या चाकोऱ्या आजही दिसतात. ऐकून आम्ही सगळे गप्प झालो, आणि निघताना त्याच दोन पट्ट्यांवरून हळू बाहेर आलो, तिसरी उमटू नये म्हणून.

सरकत्या वाळूच्या उघड्या टेकड्यांची गोष्ट वेगळी, तिथले ठसे वारा एका रात्रीत पुसतो, तिथे मनसोक्त चालवा. खपलीच्या जमिनीवर मात्र आधीची चाकोरी सोडायची नाही आणि तंबूही आधी वापरलेल्या जागीच लावायचा. फक्त कोरड्या नदीच्या पात्रात नको, डोक्यावर आभाळ निरभ्र असलं तरी लांब कुठे पाऊस पडून लोंढा येऊ शकतो. पाणी माणशी रोज किमान ४ लिटर, आणि रात्रीसाठी जाड कपडे, कारण कोरड्या हवेत दिवसाची उष्णता झपाट्याने निघून जाते.

संपादक महाशय, माझी विनंती एवढीच की असा लेख छापाल तेव्हा सोबत खपलीबद्दल चार ओळी जरूर द्या, आणि कोऱ्या जमिनीवरून धुरळा उडवत चाललेल्या गाडीचा फोटो लेखाच्या माथ्यावर लावू नका, तो बघूनच आम्ही ट्रॅक सोडायला शिकलो. त्या सकाळी काढलेला आमच्या चाकांच्या पट्ट्यांचा फोटो माझ्याकडे आहे, छापणार असाल तर लगेच पाठवतो.

आपला,
एक नियमित वाचक